आज्याच्या पेटीतली काडतुसं: फोडायची की जमा करायची?

गोंदिया-बल्लारशाह गाडीत खिडकीशी बसलेल्यांना नमस्कार, आणि मोबाईल खिशात ठेवून धुऱ्यावर उभं राहून ऐकणाऱ्यांनाही. नेहमीप्रमाणे हा बोललेला मजकूर आहे, फक्त अडखळणं तेवढं काढून टाकलंय.

आजचा विषय एका व्हॉइस नोटमुळे आला. अर्जुनी मोरगावकडचा एक मुलगा आहे, वय असेल बावीस-तेवीस. तो म्हणतो, "दादा, आमचा आजा वारला. त्याच्या लाकडी पेटीत कापडात गुंडाळलेली अकरा काडतुसं सापडली. बंदूक बारा बोर आहे. धान लोंबीवर आलाय आणि डुकरं रोज रात्री बांधीत घुसून राहिली. काका म्हणतो एक फोडून पाहू, चाललं तं बाकीचे ठेवू. चालते का जी हे?"

उत्तर आधी देऊन टाकतो, म्हणजे ज्याला स्टॉप आलं त्याला उतरता येईल. नाही फोडायची. एकही नाही. "एक फोडून पाहू" हे तर मुळीच नाही. आता का, ते सांगायला मला पंधरा-वीस मिनिटं लागतील.

मी काही बंदुकांचा कारागीर नाही. आमच्या घरी पीकसंरक्षणाची बारा बोर आहे, एकनळी. परवाना आधी वडिलांच्या नावावर होता, आता माझ्या आहे. मधल्या काळात ती पोलीस ठाण्यात जमा होती, आणि परत घेताना नागपूरच्या एका जुन्या शस्त्रदुरुस्तीवाल्या काकांकडे मी दोन दिवस बसलो होतो. आज जे सांगतोय त्यातलं बरंच त्यांच्या टेबलावर शिकलेलं आहे.

पहिली गोष्ट कायद्याची. ती थोडक्यात आटोपतो, पण टाळता येत नाही. परवाना माणसाच्या नावावर असतो, घराच्या नाही. आजा गेला की त्याची बंदूक आणि काडतुसं नातवाची होत नाहीत. शस्त्र अधिनियम 1959 चं कलम 21 सांगतं की ज्याच्याकडे शस्त्र किंवा दारूगोळा ठेवण्याचा कायदेशीर हक्क उरलेला नाही, त्याने विनाकारण वेळ न घालवता ते जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करायचं. मग वारसाने परवान्यासाठी अर्ज करायचा. म्हणजे या मुलाच्या घरात "चालेल का" या प्रश्नाच्या आधीच एक प्रश्न आहे, चालवणार कोण? काकाच्या नावावर परवाना नसेल तर काडतूस अगदी कालचं नवंकोरं असलं तरी उत्तर नाहीच. आणि आपला जिल्हा कसा आहे ते तुम्हाला माहीत आहे. देवरी, सालेकसा, अर्जुनी या भागात काडतूस सापडलं की पोलीस त्याकडे साध्या नजरेने बघत नाहीत, आणि त्यांचं चूक आहे असं मला वाटत नाही.

आता काडतुसाकडे येऊ.

बारा बोरचं काडतूस म्हणजे एक छोटी नळी. खाली धातूचं बूड, बुडाच्या मधोमध टोपी. टोपीवर ठोका बसला की ठिणगी आत जाते, आतली बारूद पेटते, बारुदीच्या वर वॅड म्हणजे बूच असतं, ते छऱ्यांना पुढे ढकलतं. वरचं तोंड दुमडून बंद केलेलं असतं. नवीन काडतुसांची नळी प्लास्टिकची, जुन्यांची जाड कागदाची, आणि त्याहून जुनी तर पूर्ण पितळेची. हे सगळं सेकंदाच्या अगदी छोट्या भागात होतं. युरोपात साध्या बारा बोर काडतुसाच्या दाबाची कमाल मर्यादा 740 बार धरतात. कारच्या चाकात हवा असते साधारण सव्वादोन बार. म्हणजे तीनशेपटीहून जास्त दाब, तुमच्या गालापासून वीतभर अंतरावर. हा आकडा डोक्यात ठेवा, पुढचं सगळं त्याच्याच आजूबाजूला फिरतं.

काडतुसाला औषधासारखी एक्सपायरी डेट नसते. त्यामुळे लोकांना वाटतं की ते कधीच खराब होत नाही. अर्धी गोष्ट खरी आहे. कोरड्या, थंड जागी मूळ पाकिटात ठेवलेली चांगल्या कारखान्याची काडतुसं वीस-तीस वर्षांनीही नीट उडतात. पण आपल्याकडे कोरडी आणि थंड जागा कुठे आहे, सांगा बरं? मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो. टिनाच्या छपराखाली, पेटीत, त्याहूनही जास्त. मग जून लागला की चार महिने भिंतीला ओल. कवेलूच्या घरात तर पेटीतले कपडेही बुरसतात. असे तीस-चाळीस उन्हाळे आणि तितकेच पावसाळे एखाद्या वस्तूने काढले, तर ती आतून कशी असेल?

उष्णतेने बिनधुराच्या बारुदीचं रसायन हळूहळू मोडतं. कारखान्यात त्यात एक स्थिर ठेवणारं द्रव्य घातलेलं असतं, ते संपत जातं. ओलीने टोपी मरते किंवा अर्धमेली होते. कागदी नळी ओल पिऊन फुगते. पितळ कळकतं. पितळेच्या भांड्यात ताक ठेवल्यावर हिरवं होतं ना, तेच. चामड्याच्या पट्ट्यात खोचून ठेवलेली काडतुसं तर हमखास हिरवी होतात, कारण कमावलेल्या चामड्यातली द्रव्यं पितळेला खातात. सिनेमात पट्टा छान दिसतो, पण काडतूस साठवायला त्याच्यासारखी वाईट जागा नाही. आणि काही जण प्रेमाने काडतुसाला तेल लावतात. तेल टोपीच्या कडेने आत मुरतं आणि टोपी निकामी करतं. बंदुकीला तेल लावा, काडतुसाला नको.

मग डोळ्याने काय कळतं? बरंच कळतं, पण फक्त एकाच बाजूने. बुडाला हिरवी पुटं, गंजाचे खड्डे, टोपीवर गंज, टोपी बुडाच्या पातळीपेक्षा वर आलेली, नळीला चीर, नळी फुगलेली, तोंडाची दुमड सुटलेली, हलवल्यावर छरे खळखळणं, कुठूनतरी बारुदीचे कण गळणं, आंबट झणझणीत वास येणं. यातलं एक जरी दिसलं तरी विषय संपला. पण यातलं काहीच दिसलं नाही, काडतूस चकचकीत आहे, म्हणून ते चांगलं आहे असं सिद्ध होत नाही. वाईट काडतूस डोळ्याला वाईट दिसू शकतं. चांगलं काडतूस डोळ्याने ओळखता येत नाही. काकांनी मला हे सांगितलं तेव्हा मी म्हटलं, मग ओळखायचं कसं? ते म्हणाले, पाकिटावरून आणि माणसावरून. म्हणजे कुठल्या कारखान्याचं, कधी घेतलं, तेव्हापासून कुणी आणि कुठे ठेवलं. हे सांगणारा माणूस नसेल आणि पाकीटही नसेल, तर ते काडतूस अनोळखी. अनोळखी माणसाला आपण घरात झोपायला जागा देत नाही.

आपल्याकडच्या जुन्या पेट्यांमध्ये बहुतेक वेळा खडकीची काडतुसं निघतात. पुण्याजवळ खडकीला 1869 पासून दारूगोळा कारखाना आहे. पूर्वी तो आयुध निर्माणी मंडळाखाली होता, 2021 मध्ये मंडळ मोडून सात कंपन्या झाल्या, तेव्हापासून तो म्युनिशन्स इंडिया लिमिटेडकडे. शक्तिमान नावाची बारा बोर काडतुसं तिथलीच. नावाजलेला कारखाना आहे, प्रश्न त्याचा नाही. पेटीवर खडकी लिहिलंय म्हणून आतल्या काडतुसात खडकीचीच बारूद आहे, याची खात्री कोण देणार, हा प्रश्न आहे. कारण पितळी काडतूस रिकामं झालं की फेकत नसत. पुन्हा भरत. कोणी भरलं, कोणती बारूद घातली, किती घातली, देव जाणे. काळी बारूद आणि बिनधुराची बारूद यांचं माप एक नाही. काळ्या बारुदीच्या मापाने कुणी बिनधुराची भरली असेल तर ते काडतूस नाही, बॉम्ब आहे. जंगलपट्टीत तर काडीपेटीचं गुल घातल्याच्या गोष्टीही तुम्ही ऐकल्या असतील. त्यामुळे घरी भरलेलं काडतूस, भरणारा समोर उभा असला तरी, मी माझ्या बंदुकीत घालत नाही.

आता जरा थांबून लांबीबद्दल बोलू, कारण हे फार कमी लोकांना माहीत असतं आणि मला स्वतःला सगळ्यात भारी वाटलेली गोष्ट हीच आहे.

बारा बोरची काडतुसं आपल्याकडे मुख्यतः दोन लांबीची मिळतात, 65 मिलिमीटर आणि 70 मिलिमीटर. पुष्कळ जुन्या बंदुकांचं चेंबर, म्हणजे नळीत काडतूस बसतं तो भाग, 65 चा असतो. आता तुम्ही म्हणाल, 70 चं त्यात जाणारच नाही, मग काळजी कसली? जातं. आरामात जातं. कारण 65 किंवा 70 हा आकडा उडाल्यानंतर तोंड उघडलेल्या रिकाम्या काडतुसाचा आहे. भरलेलं काडतूस तोंड दुमडल्यामुळे त्याहून आखूड असतं. म्हणून 70 चं काडतूस 65 च्या चेंबरमध्ये बसतं, बंदूक बंद होते, सगळं ठीक वाटतं. घोडा दाबल्यावर दुमड उघडायला जाते तेव्हा तिला जागाच नसते. ती पुढच्या अरुंद होत जाणाऱ्या भागात उघडते, छऱ्यांची वाट आवळते, आणि दाब वाढतो. जुनी, झिजलेली बंदूक, त्यात वाढलेला दाब. काकांनी माझ्या बंदुकीत गेज घालून दाखवला. 65 निघालं. घरात मात्र वडिलांच्या वेळची काही 70 ची होती. ती मी विक्रेत्याकडे जमा केली. चेंबरची लांबी बऱ्याच बंदुकांच्या नळीवर खालच्या बाजूला कोरलेली असते. नसेल किंवा वाचता येत नसेल तर जाणकाराकडून मोजून घ्या, फूटपट्टी घालू नका.

दुसरी भानगड बोरची. बारा बोर म्हणजे नळीच्या तोंडाएवढ्या शिशाच्या बारा गोळ्या मिळून एक पौंड होतात, म्हणून बारा. वीस बोर म्हणजे वीस गोळ्या. म्हणजे आकडा मोठा तशी नळी बारीक, उलटा हिशोब. बाराची नळी साधारण साडेअठरा मिलिमीटर, विसाची साडेपंधराच्या आसपास. आज्याच्या पेटीत दोन्ही मिसळलेली असतील, आणि अंधारात जागलीवर कुणी विसाचं काडतूस बाराच्या नळीत टाकलं, तर ते बाहेर पडत नाही. आत घसरून चेंबरच्या पुढे अडकतं. वरून बघितलं तर चेंबर रिकामं दिसतं. माणसाला वाटतं टाकायचं राहिलं, तो बाराचं घालतो आणि उडवतो. नळी तिथेच फुटते. आणि तिथे काय असतं? तुमचा डावा हात. आमच्या गावात एक म्हातारबा होते, त्यांच्या डाव्या हाताला दीडच बोट होतं. भरमार फुटली होती तरुणपणी. लहानपणी आम्हाला ते हसून दाखवायचे. चहाचा कप मात्र ते आयुष्यभर उजव्या हातानेच धरत.

आता काकाच्या "एक फोडून पाहू" कडे येतो. बाकी सगळं विसरलात तरी चालेल, हे विसरू नका.

एक काडतूस नीट उडालं, याने उरलेल्या दहांबद्दल काहीच कळत नाही. आंबा एक गोड निघाला म्हणून पेटीतला सडका आंबा गोड होत नाही. पेटीत कडेचं काडतूस ओलीला लागलेलं असेल, मधलं कोरडं असेल. आणि चाचणीत घोटाळा झाला तर चाचणी घेणाऱ्याच्याच अंगावर होतो.

शिवाय जुनं काडतूस फक्त "उडालं" किंवा "नाही उडालं" एवढंच करत नाही. मधले प्रकार जास्त वाईट. घोडा दाबला, टिक्क झालं, आवाज नाही. माणूस काय करतो? लगेच बंदूक मोडून आत बघतो. कधीकधी टोपी पेटलेली असते, बारूद उशिरा पकडते. बंदूक उघडी, चेहरा समोर, आणि तेव्हा उडतं. म्हणून असं झालं तर नळी सुरक्षित दिशेलाच धरून किमान तीस सेकंद थांबायचं. मोठ्याने मोजा, घाई होत नाही. मग चेहरा बाजूला ठेवून उघडायचं. ते काडतूस दुसऱ्यांदा ठोकायचं नाही.

दुसरा प्रकार फुसका. आवाज येतो पण दबका, खांद्याला धक्का नेहमीपेक्षा कमी. फटाका ओला निघाल्यासारखं. लोक हसतात आणि पुढचं काडतूस घालतात. पण बारूद अर्धवट जळाली असेल तर वॅड नळीच्या मध्येच अडकलेलं असू शकतं. पुढचं काडतूस त्या बुचावर जाऊन आदळतं आणि नळी फुटते. आवाज वेगळा आला की त्या रात्रीचं काम संपलं. बंदूक रिकामी करायची, मागच्या बाजूने, चेंबरकडून, नळीत उजेड सोडून बघायचं. आरपार गोल प्रकाश दिसला नाही तर ती कारागिराकडे जाते. आणि काडतूस बसत नाही म्हणून दाबून, ठोकून बसवणं, हे कोणी करत असेल तर त्याच्या आसपास उभे राहू नका.

तसं नळी बंद असायला जुनं काडतूसच लागतं असं नाही. पावसाळ्यात कुंभारमाशी चिखलाचं घर बांधायला अशी भोकं शोधतच असते. महिनाभर भिंतीला टांगलेल्या बंदुकीच्या नळीत तिचं घर मिळणं ही काही दुर्मीळ गोष्ट नाही.

काही जण विचारतील, काडतुसं उन्हात वाळवली तर? चुलीजवळ ठेवली तर? अरे बाबा, उन्हाने आणि उष्णतेनेच तर निम्मं नुकसान झालंय. वाळवल्याने मेलेली टोपी जिवंत होत नाही, मोडलेलं रसायन जुळत नाही. फक्त घरात आणखी एक धोका येतो.

भरमारबद्दल दोन शब्द, कारण आपल्या भागात त्या अजून आहेत, परवान्याच्या आणि बिनपरवान्याच्याही. कायद्यात पीकसंरक्षणासाठी मुळात भरमारच धरलेली आहे; ती पुरेशी नाही असं परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याला पटलं तर दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक मिळते. भरमारचा धोका असा की ती भरलेली आहे की नाही हे बाहेरून कळत नाही. आजा भरून ठेवून गेलेला असू शकतो. काळी बारूद वर्षानुवर्षं तशीच पेटती राहते, ओली झाली तरी सुकल्यावर पुन्हा पेटते. तेव्हा भिंतीवरच्या भरमारला भरलेलीच समजा आणि पोरांना तिच्यापासून लांब ठेवा. ठाण्यात फोन करताना हेही सांगा की ती भरलेली असू शकते.

म्हणजे ठाण्यात फोन करायचा, हे आलंच. काडतुसं बोडीत फेकू नका, धानाच्या तनसात जाळू नका, धुऱ्यात पुरू नका. पुरलेलं काडतूस नांगराला लागतं किंवा पोरांना सापडतं. जुना दारूगोळा नष्ट करणं किती अवघड असतं याचं उदाहरण आपल्या विदर्भातच आहे. वर्धा जिल्ह्यात पुलगावजवळ 20 नोव्हेंबर 2018 ला जुना दारूगोळा नष्ट करण्याच्या कामात स्फोट झाला आणि सहा माणसं गेली. तो लष्करी दारूगोळा होता, आपल्या छऱ्यांच्या काडतुसाची त्याच्याशी तुलना नाही, हे मान्य. पण ते काम नेमून दिलेल्या मैदानावर चाललं होतं. आपल्या आंगणात ते करायला आपण कोण?

राहिली डुकरं. मला माहीत आहे, तिकडे ऐकणारा म्हणत असेल, बोलणं सोपं आहे, माझी दोन बांध्या लोळवून गेली त्याचं काय? आमचीही लोळवलीत. एका रात्रीत लोंबीवरचा धान जमिनीला लागलेला पाहिला की माणसाच्या डोक्यात रक्त चढतं. पण दोन गोष्टी सांगतो. बंदुकीचा परवाना म्हणजे डुक्कर मारायचा परवाना नव्हे. वन्यजीव संरक्षण अधिनियम 1972 खाली त्याची वेगळी परवानगी लागते, ती वन अधिकाऱ्याकडून, आणि नवेगाव-नागझिऱ्याच्या आसपास तर हे फार काटेकोर आहे. आणि दुसरं, नवं काडतूस एका धानाच्या पोत्यापेक्षा कितीतरी स्वस्त आहे. परवाना आहे, परवानगी आहे, तर नवं पाकीट आणा. पैसे वाचवायला आज्याचं काडतूस वापरणं हा हिशोब मला कुठूनही बसत नाही. आणि त्याच रागात कुंपणाला करंट सोडणारे आहेत, त्यांच्याबद्दल मी आज बोलत नाही, कारण मग तोंडात शिव्या येतील.

तर त्या अर्जुनीच्या दोस्ता, असं कर. अकराच्या अकरा काडतुसं आहेत तशी राहू दे, पुसू नको, उघडू नको. बंदूक आणि काडतुसं वेगवेगळी ठेव, कुलपात. आज्याचा परवाना शोध, त्याच्या मृत्यूचा दाखला काढून ठेव. ठाण्यात आधी फोन कर आणि विचार, आम्ही आणू की तुम्ही येता. मोटारसायकलच्या डिक्कीत काडतुसं टाकून दुपारच्या उन्हात परस्पर निघू नको. रस्त्यात नाकाबंदीवर समजावून सांगणं कठीण जातं. जमा केल्यावर पावती घे. पावतीवर बंदुकीचा नंबर आणि काडतुसांचा आकडा दोन्ही लिहिलेत का, तिथेच उभं राहून वाच. माझ्या वेळी आकडा राहिला होता, विचारल्यावर लगेच लिहून दिला. पुढे वारस म्हणून अर्ज करताना ही पावती लागते.

पुढच्या भागात धानाच्या नुकसानीचा वनविभागाकडून पंचनामा कसा करून घ्यायचा त्यावर बोलू. कुणी या हंगामात केला असेल तर व्हॉइस नोट पाठवा, दोन मिनिटांच्या आत. चला, भेटू.